साधन आपलं, किल्ली कुणाची?

अलीकडे कुठल्याही शिबिरात जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. “ताई, मी थोडंफार लिहिते. कोणता मोबाइल घेऊ?” दुसरी गाणी म्हणते, तिला ती साठवून ठेवायची असतात. तिसरीला आपल्या वस्तीवर छोटी फिल्म करायची असते. चौथी चित्रं काढते आणि आता चित्रं कॉम्प्युटरवरच काढतात असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. हा प्रश्न विचारताना बहुतेकींचा आवाज थोडा खाली येतो. बचतगटाचा हिशोब, मुलांचा अभ्यास, रेशन-आधारची कामं यांसाठी फोन हवा असं सांगताना तो खाली येत नाही. कवितेसाठी फोन हवा म्हणताना मात्र येतो.

उत्तर देणाऱ्यांची कमतरता नसते. भाऊ, भाचा, दुकानदार, शेजारचा कॉम्प्युटर क्लासवाला, सगळे तयारच असतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, जागा किती जीबी, कोणत्या सॉफ्टवेअरला सध्या ‘डिमांड’ आहे, हे सगळे भराभरा सांगतात. ते खोटं असतं असं नाही, पण ती दुसऱ्या क्रमांकाची माहिती आहे. माझं म्हणणं असं आहे की बाईने स्वतःच्या निर्मितीसाठी साधन निवडताना सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : याची किल्ली कुणाच्या हातात राहणार? पूर्वी किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे यावरून घरात सत्ता कुणाची ते कळायचं. आजच्या साधनांनाही अशा किल्ल्या आहेत. एक घरातल्या माणसांच्या हाती असते, एक अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत लपलेली असते आणि एक दूरवरच्या कंपनीकडे असते. या तिन्ही किल्ल्या तपासल्याशिवाय घेतलेलं महागातलं महाग साधनही आपलं होत नाही.

पण त्याआधी आपल्याच चळवळीतून येणाऱ्या एका आक्षेपाबद्दल बोललं पाहिजे. पाण्याचे हाल आहेत, मारहाणीच्या केसेस थांबत नाहीत, रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळत नाही. अशा वेळी कविता आणि फिल्म करण्याच्या साधनांची चर्चा ही मध्यमवर्गीय चैन नव्हे का? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून तो टाळू नये. पण निर्मिती ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, हे कष्टकरी बाईने कधी मान्य केलं होतं? पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला ना फुरसत होती, ना पोट भरल्याची खात्री. तरीही तिने ओवी रचली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांच्या सोबतीने महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, लेक, भाऊ, विठ्ठल, सीता, बाबासाहेब, असं सगळं त्या ओव्यांमध्ये आहे. एवढा मोठा ठेवा ज्या बायकांनी उभा केला त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हाती लेखणी कधी आलीच नव्हती.

या ओव्यांच्या गोष्टीत साधनांविषयीचा एक मोठा धडाही आहे. जातं हे काही गाण्यासाठी बनवलेलं साधन नव्हतं, ते दळायचं साधन. पण समोरासमोर बसलेल्या दोघीजणी, खुंट्यावरचे हात, घरघरीची लय आणि घरातले पुरुष झोपलेले असण्याची ती वेळ, यांतून बाईला बोलायला जागा मिळाली. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बाईच्या हातांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. जात्याचे गोडवे गाऊन बायकांनी पुन्हा दळत बसावं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण गिरणीबरोबर ती जागाही गेली आणि ओवी थांबली, हेही तितकंच खरं. म्हणजे साधन बदललं की फक्त काम सोपं होत नाही. कोण कुणाशी, कुठे, कुणाच्या नजरेआड बोलतं, तेही बदलतं. म्हणून नवं साधन घरात आणताना ते आपल्याला काय देतं याबरोबरच आपली बोलण्याची जागा वाढवतं की आक्रसवतं हे बघायला हवं.

आता पहिली किल्ली, घरातली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरातल्या साधारण ५४ टक्के स्त्रिया ‘हो’ म्हणाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. हे आकडे त्या काळातले आहेत आणि त्यानंतर फोन आणखी पसरले आहेत. पण ‘स्वतः वापरता’ या शब्दांपाशी जरा थांबू या. फोन वापरणं आणि फोन आपला असणं यांत अंतर आहे. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर, ईमेल खातं मुलाने उघडून दिलेलं, पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक, आणि खातं बंद पडलं तर ते पुन्हा उघडण्याचा ओटीपी येतो दिराच्या नंबरावर. अशा फोनवर बाई रेसिपी लिहील, भजन रेकॉर्ड करील. पण लग्नाच्या पहिल्या वर्षात काय घडलं ते ती लिहील का? आणि ते लिहिता येणार नसेल, तर त्या फोनचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असला म्हणून काय उपयोग?

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली सांगितलं होतं की लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न हवं. आपल्यातल्या बहुतेकींना स्वतःची खोली कधी मिळालीच नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात. तिथे कुलूप लावता येणारा फोन हीच आज एखादीची खोली होऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा : नवा फोन घेण्याइतके पैसे नसतील तर जुना घ्या, साधा घ्या, पण आपल्या नावाच्या सिमवर घ्या. ईमेल खातं स्वतः उघडा. ते परत मिळवण्यासाठी आपला नंबर द्या, नाहीतर ज्या मैत्रिणीवर विश्वास आहे तिचा. आपले निरोप दुसऱ्या कुणाच्या यंत्राला जोडलेले नाहीत ना, हे अधूनमधून बघत जा. काढलेला फोटो आपोआप कुणाकुणाच्या फोनवर पोचतो तेही तपासा. कुलूप लावल्यावरून घरात भांडण होणार असेल, मारहाणीची भीती असेल, तर फोनवर लिहूच नका. वही घ्या आणि ती मैत्रिणीकडे ठेवा. वही हेही साधनच आहे. ती चार्ज करावी लागत नाही आणि तिला ओटीपी लागत नाही. साधन निवडणं म्हणजे नेहमी नवं काहीतरी विकत घेणं असं नसतं.

दुसरी किल्ली अक्षरांची. ही मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष जाचलेली आहे.

नव्वदच्या दशकात आपल्या चळवळीतल्या अनेक गटांनी सायक्लोस्टाइल सोडून डीटीपी धरलं. अंक देखणे झाले, याचा आनंदही होता. पण त्या काळी मराठी फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची अक्षरं साठवण्याची रीत वेगळी होती. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की तिथे भलतंच चिन्ह यायचं. पानं लावण्याचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर तेव्हा घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे असायचं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, पुढे कंपनीने ते वाढवणंच थांबवलं. आज त्या काळातली फ्लॉपी एखाद्या गटाच्या कपाटात सापडली तर ती वाचणारं यंत्र मिळत नाही. यंत्र मिळालं तर फाइल उघडणारं सॉफ्टवेअर नसतं, आणि फाइल उघडलीच तर तो फॉन्ट नसल्याने पानभर अगम्य खुणा दिसतात. त्याच दशकातला छापील अंक मात्र कपाटातून काढला की वाचता येतो. कसर लागलेला, पिवळा पडलेला, पण वाचता येतो. हे आपण विसरता कामा नये.

जगातल्या सगळ्या लिप्यांना प्रत्येक अक्षरासाठी एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ मध्ये आली आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण मराठीच्या सगळ्या गरजा तेव्हाच भागल्या असं नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. आज फोनवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडमध्येच, त्यामुळे ते कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं. असं असूनही अनेक छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजून जुनेच फॉन्ट चालतात. आपला मजकूर तिथे दिला की तो त्या फॉन्टमध्ये बदलून लावला जातो आणि शेवटी आपल्या हाती येते फक्त पीडीएफ. म्हणून लेख, कथा, कविता, पुस्तिका, काहीही असो, ते युनिकोडमध्ये लिहा आणि मुद्रितं तपासून झालेली युनिकोड प्रत दुकानदाराकडून मागून घ्या. ती मिळेल का, हे काम देण्याआधीच विचारा. नवं सॉफ्टवेअर घेतानाही त्याच्या जाहिरातीला भुलू नका. ‘दऱ्या’, ‘ॲसिड’, ‘कॉट’, ‘बाळ’, ‘लक्ष्मी’, ‘शृंगार’ हे शब्द टंकून बघा. ‘र’चा तो अर्धा फराटा नीट आला का? ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत की हिंदीच्या? जोडाक्षरं फुटत नाहीत ना? पाच मिनिटांच्या या परीक्षेत भली भली महागडी सॉफ्टवेअरं नापास होतात.

याच किल्लीचा दुसरा भाग म्हणजे आपण केलेलं काम बाहेर काढता येतं की नाही. वही लिहिण्याची, डायरी ठेवण्याची, चित्रं जोडून फिल्म करण्याची अनेक ॲप्स दिसायला सुंदर असतात. पण आत टाकलेला मजकूर त्याच ॲपमध्ये अडकून राहतो. ॲप निवडताना आधी बाहेरचं दार शोधा. लिहिलेलं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतं का? चित्र नेहमीच्या फोटोसारखं उतरवता येतं का? आवाजाची फाइल दुसऱ्या फोनवर वाजते का? दोन ओळी लिहून आधी बाहेर काढून बघा, मग वर्षभराच्या कविता आत टाका. लेक दिलेल्या घरातून तिला माहेरी येता येईल ना, हे आपण आधी विचारतोच की!

तिसरी किल्ली कंपनीची. ही आपल्याला दिसत नाही, म्हणून जास्त फसवी.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यामागचं राजकारण बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे. पण त्या ॲपवर नाचणाऱ्या, नक्कल करणाऱ्या, अहिराणीत-वऱ्हाडीत विनोद सांगणाऱ्या खेड्यातल्या बायकांचं काय झालं, याची चर्चा फारशी झाली नाही. एरवी ज्यांना कुणी मंचावर बोलावलं नसतं अशा सुना, शेतमजूर बायका तिथे हजारो लोकांसमोर उभ्या राहिल्या होत्या. निर्णय दिल्लीत झाला, खाती बंद झाली, आणि जिने आपल्या व्हिडिओंच्या प्रती फोनमध्ये ठेवल्या नव्हत्या तिचं सगळं काम डोळ्यांसमोरून गेलं. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं होतं, तेव्हा बंदीही नव्हती. कंपनीला ते चालवायचं नव्हतं इतकंच. फोटो साठवण्याची गुगलची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून थांबली. आता पंधरा जीबी भरले की पैसे भरा नाहीतर पुसा. चित्रकार आणि मुद्रक ज्यांच्यावर अवलंबून असतात ती अॅडोबीची सॉफ्टवेअरं पूर्वी एकदा विकत घेता यायची. २०१३ मध्ये कंपनीने नव्या आवृत्त्या फक्त हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. हप्ता थांबला की सॉफ्टवेअर थांबतं, आणि आपल्याच फाइलीसमोर आपण दार बंद झाल्यासारख्या उभ्या राहतो. भाड्याच्या घरात राहणारीला हा अनुभव नवा नाही.

यावर उपाय आहेत. एक उपाय अगदी साधा : जे काही कराल त्याची एक प्रत फोनमध्ये, दुसरी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात, मैत्रिणीकडे किंवा गटाच्या कपाटात. कंपनीच्या ‘क्लाउड’वर ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण ती चौथी प्रत समजा.

दुसरा उपाय मुक्त सॉफ्टवेअरचा. इथे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द वेगळे ठेवायला हवेत. फुकट ॲपची किंमत आपण आपल्या माहितीने आणि जाहिराती बघून चुकवत असतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची रचना सगळ्यांना खुली आहे, जे कुणालाही वापरता, वाटता, बदलता येतं, आणि जे एका कंपनीच्या मर्जीने नाहीसं होत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची घोषणा केली. त्यातून उभी राहिलेली साधनं आज भरपूर आहेत. लिहिण्यासाठी लिबर ऑफिस, फोटो सुधारण्यासाठी गिंप, रेषांच्या चित्रांसाठी इंकस्केप, रंगवण्यासाठी क्रिता, आवाजाच्या संकलनासाठी ऑडॅसिटी, पानं लावण्यासाठी स्क्रायबस. देवनागरीचे मुक्त फॉन्टही आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट कुणीही पैसे न देता वापरू शकतं, पुस्तकात छापूही शकतं. शिवाय यासाठी नवा लॅपटॉपच हवा असं नाही. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि अनेक ऑफिसांतून जुने लॅपटॉप मोडीत निघाले. दुकानदार त्यांना ‘मेलेले’ म्हणतो, पण त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स घालून लेखनाचं आणि आवाजाचं काम व्यवस्थित होतं.

अर्थात मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जादूची कांडी नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. त्यातली काही शिकायला अवघड आहेत. अडलं तर गावातला क्लासवाला मदत करू शकत नाही, कारण त्याला चोरून उतरवलेलं फोटोशॉप तेवढं माहीत असतं. मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचं जगही बव्हंशी पुरुषांचंच आहे, आणि तिथल्या चर्चा इंग्रजीत चालतात. म्हणून सगळं एकदम बदला असं मी म्हणणार नाही. आज जे जमतं त्यावर काम सुरू ठेवा, आणि वर्षाला एक साधन मुक्तकडे न्या. आधी लिहिण्याचं, मग आवाजाचं, मग चित्राचं. काम थांबवून साधनं जमवत बसणं हा टाळाटाळीचाच एक प्रकार आहे.

तिन्ही किल्ल्या हाती आल्या तरी एक गोष्ट उरते. साधन कुणाच्या मापाने बनलं आहे? कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी २०१९ च्या ‘इनव्हिजिबल विमेन’ या पुस्तकात दाखवलं आहे की गाड्यांपासून फोनपर्यंत अनेक वस्तूंचं माप पुरुषाच्या देहावरून ठरतं. फोन मोठे होत गेले, बायकांचे तळवे आहेत तेवढेच आहेत. एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने टंकणाऱ्या बाईने फोन दुकानात हातात धरून, अंगठा दुसऱ्या टोकाला पोचतो का ते बघूनच घ्यावा. बोलून लिहिण्याची मराठीची सोय गुगलने २०१७ मध्ये आणली. हात कामात असणाऱ्या आणि लिहिण्याचा सराव नसणाऱ्या बायकांना ती फार उपयोगी आहे. पण ती प्रमाण मराठी सर्वांत चांगली ऐकते. ‘म्या’चं ‘मी’ होतं, ‘व्हतं’चं ‘होतं’ होतं. हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं ‘तुमचं लेखन सुधारून देऊ’ म्हणत पुढे येतात. अर्ज लिहायला, पत्राचा मसुदा करायला त्यांची मदत घ्यायला माझी ना नाही. पण आत्मकथन ‘सुधारून’ घ्यायला मात्र माझा विरोध आहे. आपली बोली अशुद्ध म्हणून शाळेने एकदा पुसली, आता तेच काम यंत्राकडून हौसेने करून घ्यायचं का? सुधारलेलं वाचायला गुळगुळीत असतं, पण त्यात ती बाई ओळखू येत नाही. निदान मूळ मजकूर, मूळ आवाज जसाच्या तसा वेगळा जपून ठेवा.

साधनाला आपल्या मापाचं करून घेतलेल्या बायका आपल्याकडे आहेत, हे मला फार धीर देणारं वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना उभारला, तिथे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत कामं मुली आणि बायका करत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. अहमदाबादच्या ‘सेवा’ने १९८४ मध्ये व्हिडिओ सेवा सुरू केली. कॅमेरा शिकायला बसलेल्यांमध्ये भाजी विकणाऱ्या होत्या, कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका फिल्म करायला शिकल्या तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो ‘पटेल शॉट’, कारण जमीनदार तसा बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा तो ‘संघम शॉट’, कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एका पातळीवर बसतात. फिल्मच्या शाळेत जे महिनोन् महिने शिकवतात ते त्यांनी आपल्या जगण्यातून तीन शब्दांत मांडलं. त्यांचा कॅमेरा काही विशेष भारी नव्हता. तो त्यांच्या हातात होता, त्यांच्यातल्याच एकीने दुसरीला शिकवला होता आणि काय टिपायचं ते त्या ठरवत होत्या.

म्हणून खरेदीला निघालेल्या मैत्रिणीला मी हा क्रम सुचवीन. आधी काय करायचं आहे ते एका ओळीत लिहा. बोलणं, गाणं टिपायचं असेल तर महाग कॅमेऱ्याचा फोन घेण्याऐवजी आहे त्या फोनला लागणारा साधा कॉलर माइक घ्या. अंधूक चित्र माणसं सहन करतात, न ऐकू येणारा आवाज नाही. लांब लिहायचं असेल तर फोनला जोडता येणारा कीबोर्ड लॅपटॉपपेक्षा फार स्वस्त पडतो. चित्रं काढायची असतील तर आधी कागदावर काढून फोनने नीट उजेडात टिपा. पाटी आणि पेन घ्यायचं की नाही ते सहा महिन्यांनी ठरवा. फोटोबरोबर तो कुठे काढला याची नोंद जाते, ती आधी बंद करा. आसऱ्याला आलेल्या बाईच्या घराचा पत्ता एखाद्या सुंदर फोटोमधून बाहेर जाऊ शकतो. दुकानात मैत्रिणीला घेऊन जा, आणि हप्त्यावर घेत असाल तर हप्ता आपल्या कमाईतून जाईल एवढाच घ्या. ज्याचे पैसे, त्याचं म्हणणं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि गटांना सांगणं असं की हे सगळं एकेकटीवर टाकू नका. माइक, हार्ड डिस्क, एखादा जुना लॅपटॉप या गोष्टी प्रत्येकीने घेण्याची गरज नाही. भांडी जशी लग्नकार्याला गटाची वापरतो, तशी ही साधनंही गटाची असू शकतात. फक्त कुणी नेलं, कधी परत केलं याची वही हवी, आणि नुसतं कार्यकर्तीच्याच ताब्यात सगळं राहणार नाही याची काळजी हवी. तसं झालं तर किल्ल्यांचा जुडगा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर गेला एवढंच होईल.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि नंतर जवळजवळ विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं आणि आपल्या पिढीच्या हाती आलं. मधली त्र्याण्णव वर्षं ते कुठेतरी टिकून राहिलं, कारण ते कागदावर होतं आणि उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आज आपल्या बायका लिहीत आहेत, गात आहेत, चित्रं काढत आहेत, कदाचित पूर्वी कधी नव्हत्या तेवढ्या संख्येने. त्यातलं त्र्याण्णव वर्षांनी कुणाला उघडता येईल?

म्हणून एक सूचना करते. दर वर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम आपण करतोच. त्याच दिवशी दुपारी दोन तास राखून ठेवू या. प्रत्येकीने आपला फोन, वही, पेनड्राइव्ह घेऊन यायचं. वर्षभरात जे लिहिलं, गायलं, टिपलं, त्याच्या प्रती करायच्या. ज्या मजकुराला गटाच्या कपाटात जागा द्यायला ती तयार असेल तो तिथे ठेवायचा, जो खासगी तो तिच्याच पेनड्राइव्हवर. प्रत्येकीच्या कामातलं निदान एक पान कागदावर छापायचं. जिला पासवर्ड बदलता येत नाही तिला तो शेजारणीने शिकवायचा, बदलून द्यायचा नाही. तुमच्या गटात याहून वेगळं काही करून पाहिलं असेल, किंवा माझं म्हणणं पटत नसेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.